अक्कलदाढ काढल्यावर आखडलेला जबडा: किती दिवस वाट पाहावी, केव्हा पाहू नये

अक्कलदाढ काढली की पहिला दिवस बधिरतेत आणि जखमेवर कापूस चावून धरण्यात निघून जातो. ठणका लागतो, तो गोळीने आवरतो. रुग्ण खरा धास्तावतो तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी. दात घासायला तोंड उघडावे, तर ब्रश आत शिरत नाही. जांभई अर्ध्यावर अडते. भाताचा घास बोटांनी चपटा करून सरकवावा लागतो. घरातील वडीलधारी माणसे ‘दातखीळ बसली’ असे म्हणतात आणि त्या एका शब्दाबरोबर धनुर्वाताची जुनी भीती घरात शिरते.

ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. दाढेच्या शस्त्रक्रियेनंतर तोंड कमी उघडणे ही जखम भरून येण्याच्या वाटेवरील एक अपेक्षित अवस्था आहे. साधारणपणे आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ती मागे पडते. तथापि काही जबडे दोन आठवड्यांनंतरही सुटत नाहीत. त्यांपैकी काहींत जंतुसंसर्ग दडलेला असतो, तर काहींचा त्या दाढेशी फारसा संबंधच नसतो. सुपारीमुळे ते वर्षानुवर्षे आखडतच आलेले असतात आणि दाढ काढण्याच्या निमित्ताने ती गोष्ट प्रथमच लक्षात येते. हे तीन प्रकार वेगळे ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तोंड किती उघडते याची रोजची मोजणी लागते, आणि तीच सहसा कोणी करत नाही.

दोष बहुधा स्नायूचा, सांध्याचा नव्हे

या अवस्थेला वैद्यकात ‘ट्रिसमस’ म्हणतात. शब्द मूळ ग्रीक; त्याचा अर्थ दातांची करकर. कानाच्या पुढचा जबड्याचा सांधाच गंजला, अशी रुग्णाची समजूत होते. वास्तविक सांधा बहुधा सुस्थितीत असतो. अडतात ते जबडा मिटणारे स्नायू. दात घट्ट आवळले असता गालाच्या मागच्या बाजूस जो कडक उंचवटा बोटाला लागतो, तो यांतील एक स्नायू. त्याचाच जोडीदार खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला असतो आणि बाहेरून दिसत नाही. खालची अक्कलदाढ या दोन स्नायूंच्या अगदी पायथ्याशी, जबड्याच्या कोपऱ्यात उगवते.

साधारण १७ ते २५ या वयात येणाऱ्या या दाढेला अनेकांच्या जबड्यात पुरेशी जागा नसते. ती तिरकी किंवा आडवी अडकते. मग हिरडी उघडून, काही वेळा भोवतालचे थोडे हाड कोरून आणि दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते. या खटाटोपात आसपासच्या ऊतींना सूज येते. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढत जाते आणि मग ओसरू लागते. सूज स्नायूपर्यंत पोहोचली की स्नायू आकसतो. दुखावलेला भाग हलू नये म्हणून शरीराने केलेला तो बंदोबस्तच असतो. मोडलेल्या हाताला झोळीत बांधावे, तसे हे काम. शिवाय तोंड बराच वेळ ताणून उघडे ठेवल्याचा शीण वेगळाच.

आणखी एक कारण रुग्णांच्या सहसा ध्यानी येत नाही. खालचा जबडा बधिर करण्याचे इंजेक्शन तोंडाच्या मागच्या भागात, त्या आतल्या स्नायूच्या अगदी जवळून दिले जाते. सुई क्वचित स्नायूत शिरते किंवा एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावते आणि स्नायूत थोडे रक्त साकळते. अशा वेळी जखम उत्तम भरते, सूज उतरते, तरीही तोंड मात्र उघडत नाही. हे आखडणे काही आठवडे टिकू शकते आणि केवळ वाट पाहून जात नाही. साकळलेल्या रक्ताच्या जागी चिवट तंतू तयार होण्यापूर्वी व्यायाम सुरू होणे आवश्यक असते.

धनुर्वाताविषयी एवढेच, की त्याची दातखीळ एका बाजूपुरती राहत नाही. दोन्ही बाजूंचे स्नायू ताठरतात, त्यामागोमाग मान, पाठ आणि पोट कडक होते, गिळणे अवघड होते, आवाजाने वा स्पर्शाने आचके येतात. लसीकरण झालेल्या व्यक्तीत हा आजार विरळा. दाढ काढलेल्या बाजूलाच ओढ लागते आणि बाकी शरीर मोकळे आहे, तर धनुर्वाताची शंका घेण्याचे कारण सहसा नसते.

दवाखाना दूर असतो तेव्हा

शहरातील रुग्ण तिसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जाऊन तोंड दाखवू शकतो. दूरच्या गावातील रुग्णाला प्रत्येक फेरीचा हिशेब करावा लागतो. काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाच्या गावातून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात येणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, रामपायली नावाचे गाव आहे. तेथील रुग्णाची वाट याहूनही लांबची.

चंदन नदीच्या काठी वसलेले, राममंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव वारासिवनी तालुक्यात मोडते. भंडारा आणि गोंदिया हे महाराष्ट्राचे जिल्हे तेथून जवळ. हिंदी, मराठी आणि पोवारी या भाषा तेथे शेजारीशेजारी नांदतात. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत सीमारेषा मध्ये आली. दंतवैद्यकाच्या बाबतीत तिचा परिणाम विचित्र झाला आहे. मध्य प्रदेशाचे शासकीय दंत महाविद्यालय इंदूरला, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय दुसऱ्या राज्यात, पण कितीतरी जवळ. अवघड दाढेसाठी रामपायलीच्या माणसाने बालाघाट, गोंदिया किंवा नागपूर गाठायचे, टाके घालून संध्याकाळच्या गाडीने परतायचे आणि तिसऱ्या दिवशी तोंड अडले की पुन्हा जायचे की थांबायचे, हे घरीच ठरवायचे. मोजणीचे मोल सर्वाधिक आहे ते अशाच घरात.

पद्धत सोपी आहे. निरोगी प्रौढाचे तोंड वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर उघडते. स्वतःच्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक ठेवून दातांमध्ये सरळ बसली, तर उघडणे पुरेसे समजावे. दोनच बोटे बसली तर तोंड आखडलेले. एकच बसले तर चांगलेच आखडलेले. बोटांपेक्षा मुलांच्या कंपासपेटीतील पट्टी अधिक नेमकी. मात्र अनेक पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते, हे लक्षात ठेवून मोजावे. रोज एकाच वेळी, शक्यतो शेक घेतल्यानंतर मोजावे आणि आकडा कॅलेंडरवर लिहावा.

सर्वांत महत्त्वाचा आकडा दाढ काढण्यापूर्वीचा. तो नसेल तर पुढच्या आकड्यांना आधारच उरत नाही. दहाव्या दिवशी २८ मिलिमीटर तोंड उघडते आहे, याचा अर्थ काय? आधी ४५ असेल तर सुधारणा अजून अपुरी आहे. आधी ३० असेल तर शस्त्रक्रियेचा परिणाम जवळजवळ संपला आहे आणि प्रश्न वेगळ्याच आजाराचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी हा आकडा केसपेपरवर लिहून घेणे ही दंतवैद्यकातील चांगली प्रथा आहे; रुग्णाने तो मागून घेण्यास हरकत नाही.

घरी करायचे ते आणि टाळायचे ते

पहिल्या २४ तासांत गालाच्या बाहेरून थंड शेक द्यावा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवावा, तेवढाच वेळ काढावा, पुन्हा ठेवावा. या काळात जोराने चूळ भरू नये, थुंकत बसू नये आणि स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. खोबणीतील रक्ताची गाठ हेच जखमेवरचे झाकण असते आणि ती निसटली तर खोबण उघडी पडते. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी तोंडात हलकेच फिरवावे.

साधारण ४८ तासांनंतर थंडाची जागा उष्णता घेते. गरम पाण्यात पिळलेला जाड पंचा गालाच्या मागच्या भागावर १५-२० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावा. ओली ऊब आखडलेल्या स्नायूला सैल करते. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी अनेक घरांत वापरली जाते. तीही चालते, पण ओठ-गाल बधिर असेल तर भाजल्याचे कळत नाही, म्हणून आधी मनगटावर लावून पाहावी.

त्यानंतर व्यायाम. दंतवैद्याची संमती घेऊन तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तो सुरू करता येतो. आरशासमोर बसून ओढ जाणवेपर्यंत तोंड उघडायचे, पाच-दहा सेकंद धरायचे, मिटायचे. असे दहा वेळा. मग जबडा डावीकडे-उजवीकडे आणि पुढे सरकवायचा. दर तीन-चार तासांनी पाच मिनिटे एवढे पुरते. आठवड्याच्या सुमारास सुधारणा रेंगाळली, तर अंगठा वरच्या पुढच्या दातांखाली आणि तर्जनी खालच्या दातांवर ठेवून, कात्री उघडावी तसा हलका ताण देता येतो. आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरण्याचा उपायही दंतवैद्य सांगतात. काडी वाढली की प्रगती डोळ्यांना दिसते. ओढ जाणवणे अपेक्षित आहे, कळ येणे नाही. एका बैठकीत तोंड पूर्ण उघडण्याची जिद्द धरली तर स्नायू उलट अधिक आवळतो. दुसऱ्याने बळेच तोंड उघडून पाहण्याचा प्रकार तर होऊच नये.

वेदनाशामक गोळी व्यायामापूर्वी अर्धा-पाऊण तास घेतली तर व्यायाम नीट होतो. मात्र कोणती गोळी, हे सांगितले असेल तेवढेच पाळावे. आयब्युप्रोफेनसारखी औषधे सूज उतरवतात, तथापि जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्यांना ती त्रासदायक ठरू शकतात. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली तर ती टाळावीच लागतात. प्रतिजैविकांबद्दलही गैरसमज आहे. तोंड उघडत नाही म्हणून दुकानातून प्रतिजैविक आणून घेतले जाते. स्नायूचे आखडणे त्याने सुटत नाही, आणि संसर्ग असेल तर अर्धवट औषधाने तो काही दिवस झाकला जातो.

खाण्याचा प्रश्न मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. गोव्यात आजाऱ्याला पेज देतात. मंडला-बालाघाटकडील गोंड आणि बैगा घरांतही धान्याच्या पातळ पेयाला ‘पेज’ असाच शब्द आहे, हा योगायोग लक्षणीय. कोमट पेज, मऊ भात-वरण, नाचणीची आंबील, ताक, कुस्करलेले केळे, मऊ उकडलेले अंडे यांवर आठवडा निभावतो. तिखट आणि कुरकुरीत पदार्थ दूर ठेवावेत. जखम निवळल्यावर मात्र दुसऱ्या बाजूने हळूहळू चावणे सुरू करावे; महिनाभर पातळावरच राहणाऱ्याचा जबडा उशिरा मोकळा होतो.

वाट पाहू नये असे प्रसंग

कॅलेंडरवरचे आकडे तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वाढू लागले पाहिजेत. भर रोज एक-दोन मिलिमीटरची असली तरी चालेल, दिशा वरचीच हवी. आकडा सुधारून पुन्हा घसरला, किंवा चौथ्या दिवसानंतरही कमीच होत गेला, तर जखमेच्या खोल भागात पू धरत असल्याची शक्यता असते. जोडीला ताप, तोंडाला दुर्गंध, जबड्याखाली वाढती सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गिळता न येणे, लाळ ओघळणे, आवाज घोगरा होणे, जीभ वर उचलल्यासारखी वाटणे किंवा श्वास अडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर गाडीच्या वेळेची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. जबड्याखालचा संसर्ग गळ्याकडे उतरला तर काही तासांत श्वासमार्ग बंद होऊ शकतो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू झाली आणि गोळीने ती हटत नसेल, तर खोबण कोरडी पडलेली असण्याचा संभव अधिक. हे धोकादायक नाही, पण असह्य आहे; औषधी पट्टी भरली की आराम पडतो. दोन-चार आठवड्यांनी काही चावताना ‘कट्’ असा आवाज होऊन जबडा दुखू लागणे हे विरळ, पण गंभीर. दाढ काढल्याने हाड तेथे काही काळ दुबळे झालेले असते आणि ते मोडू शकते. चाळिशी ओलांडलेल्या, बाकी दात मजबूत असलेल्या पुरुषांत हे अधिक आढळते. जंतुसंसर्गही क्वचित महिनाभराने डोके वर काढतो. टाके निघाले म्हणजे सारे संपले, असे समजू नये ते यासाठी.

दाढेचा दोष नसतो तेव्हा

आता उरतो तिसरा प्रकार. नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात खर्रा चालतो: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तोबरा. सीमेपलीकडे रामपायली त्याच शेजारात आहे. गोव्यात सुपारी कुळागरात पिकते, विड्यात जाते आणि पुड्यांतूनही मिळते. ज्या जबड्याची चर्चा चालली आहे, त्याच्यावर या सुपारीचा परिणाम दाढेच्या शस्त्रक्रियेहून कितीतरी खोल होतो.

सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य गालाच्या आतील त्वचेखाली तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. सुपारीत तांब्याचे प्रमाण अधिक असते आणि ते त्या तंतूंना आपसात घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देते. परिणामी गालाचे मऊ अस्तर हळूहळू पांढुरके, चिवट आणि दोरखंडासारखे होते. सुरुवात तिखट न सोसण्यापासून होते; साध्या आमटीनेही तोंड भाजते. मग जीभ पुरती बाहेर येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, शिटी वाजत नाही. तोंड तीन बोटांवरून दोनवर आणि दोनांवरून एकावर येते. हे इतक्या सावकाश घडते, की माणूस पाणीपुरीऐवजी भेळ मागू लागतो आणि आपण तसे का करतो हे त्याला जाणवत नाही.

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन केले आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ या नावाने वैद्यकीय साहित्यात आणले. हा कर्करोगपूर्व विकार आहे. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांतील ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तर निर्धोक, ही समजूतही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निव्वळ सुपारीलाही मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे.

असा रुग्ण अक्कलदाढ दुखते म्हणून येतो. तोंड आधीच कमी उघडत असल्याने दाढ काढणे अवघड जाते, ओढाताण अधिक होते, सूज वाढते. तीन आठवड्यांनी सूज संपते, पण तोंड दोन बोटांपलीकडे जात नाही. कुटुंबाचा राग दाढ काढणाऱ्यावर निघतो आणि मूळ आजारावरचे उपचार लांबतात. दोन्ही प्रकार घरीही बऱ्याच अंशी वेगळे ओळखता येतात. दाढेमुळे आलेली ओढ एकाच बाजूला असते, स्पर्शाने दुखते आणि दिवसागणिक कमी होते. सुपारीचे आखडणे बहुधा दोन्ही गालांत असते, फारसे दुखत नाही, बोट आत फिरवल्यास उभे ताठ पट्टे लागतात आणि महिनोन्‌महिने आकडा हलत नाही.

या तंतूंवर गरम शेकाचा उपयोग होत नाही. गालात देण्याची इंजेक्शने, जीवनसत्त्वे आणि लायकोपीनसारखी औषधे, चिकाटीचा व्यायाम, आणि तोंड फारच बंद झाले असेल तर पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. शस्त्रक्रियेनंतरही महिनोन्‌महिने व्यायाम चुकवता येत नाही. सुपारी चालू ठेवून यांतील कोणताही उपचार टिकत नाही. तयार झालेले तंतू सहसा पूर्ण विरघळत नाहीत, मात्र सुपारी थांबली की रोगाची पुढची चाल मंदावते. म्हणून तीन बोटांवरून अडीचवर आलेल्या तरुणाला जे साधता येते, ते एका बोटावर आलेल्या प्रौढाला साधत नाही.

गोव्याने २००५ साली सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटख्यावर बंदी आणली. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून अन्नसुरक्षा नियमांखाली ती लागू केली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही. कारखान्यात तयार झालेली पुडी यामुळे बेकायदा ठरली. सुपारी स्वतः कायद्याच्या बाहेर राहिली, आणि पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोर घोटला जाणारा खर्रा कायद्याच्या शब्दांपेक्षा हाताच्या वेगावर चालतो.

अक्कलदाढ काढलेल्या माणसाला मात्र एक संधी अनायासे मिळते. जखमेमुळे पहिले आठ-दहा दिवस त्याला तोबरा धरताच येत नाही, आणि तंबाखूने खोबण कोरडी पडण्याचा धोका वाढतो, हे दंतवैद्यही बजावतात. तेवढे दिवस निघाले की तलफेचा सर्वांत कठीण टप्पा बराचसा मागे पडलेला असतो. पुढची मदत फोनवर मिळते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे आणि तो रामपायलीहून लागतो तसाच काणकोणहूनही लागतो.